इच्छापत्र आणि वार्धक्य : डॉक्टरांनी बोलायला हवे असे काही

आपल्याकडे मृत्यूविषयी बोलणे अशुभ मानतात आणि पैशाविषयी बोलणे असभ्य. साहजिकच ज्या कागदावर हे दोन्ही विषय एकत्र येतात, त्या कागदापर्यंत बहुतेक कुटुंबे पोहोचतच नाहीत. मराठीत त्याला रूढ शब्दही मृत्युपत्र असा आहे. इंदूरच्या कचेऱ्यांत त्याला वसीयत म्हणतात. शब्द कोणताही वापरा, तो उच्चारला की घरातील संभाषण थांबते आणि "बाबा, आत्ता कशाला हे अभद्र?" या वाक्याने विषयावर पडदा पडतो. रामबाग, नारायणबाग, लोकमान्य नगर अशा आपल्या जुन्या वस्त्यांत कित्येक घरे आजही आजोबांच्याच नावावर आहेत. आजोबा गेले, वडील गेले, नातवंडांची साठी उलटली, तरी नगर निगमच्या दप्तरी नामांतरण झालेले नाही. काहींची शेतजमीन महाराष्ट्रातील मूळ गावी आहे. तेथील सातबाऱ्यावर कोणाची नावे आहेत, हे इकडच्या पिढीला ठाऊक नसते. हिस्सेदार पुण्यात, बंगळुरात, परदेशात विखुरलेले असतात आणि प्रत्यक्ष घरात दोन वृद्ध माणसे व एक कामवाल्या मावशी एवढेच उरलेले असते.

या परिस्थितीकडे पाहण्याची आपली रीत थोडी चमत्कारिक आहे. मालमत्तेचा प्रश्न आपण वकिलाकडे नेतो आणि म्हातारपणाचा प्रश्न डॉक्टरकडे. वकील विचारतो, कोणाला किती द्यायचे. डॉक्टर विचारतो, रक्तदाब किती आहे, साखर किती आहे. हातपाय थकल्यावर या माणसाची काळजी कोण घेणार, तिचा खर्च कोठून होणार आणि त्याच्या वतीने निर्णय कोण करणार, हे दोघेही विचारत नाहीत. वारशाची व्यवस्था आणि वार्धक्यातील सेवेची व्यवस्था हा मुळात एकच प्रश्न आहे, आणि तो वेळेवर उपस्थित करण्याची पहिली जबाबदारी कुटुंबाच्या डॉक्टरची आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. ते का, हे येथे थोडक्यात मांडतो.

प्रथम कायदा काय करतो ते पाहू. हिंदू वारसा कायदा, १९५६ नुसार एखादा पुरुष इच्छापत्र न करता निवर्तला तर त्याची स्वतःची मालमत्ता पहिल्या वर्गातील वारसांत वाटली जाते. या वर्गातील प्रमुख वारस म्हणजे पत्नी, मुलगे, मुली आणि आई. आणि यांपैकी प्रत्येकाचा वाटा सारखा. एक निवृत्त शिक्षक पत्नी, दोन मुलगे आणि एक मुलगी मागे ठेवून गेले, असे समजू. राहते घर त्यांच्या एकट्याच्या नावावर आहे. ज्या घरात त्यांच्या पत्नीने पन्नास वर्षे संसार केला, त्या घराच्या फक्त एक चतुर्थांश भागाची ती मालकीण ठरते. उरलेल्या तीन वाट्यांपैकी कोणीही वाटणी मागू शकतो. मुले चांगली असतील तर असे घडत नाही, हे खरे. परंतु पंच्याहत्तर वर्षांच्या बाईचे छप्पर मुलांच्या चांगुलपणावर आणि सुनांच्या व जावयांच्या मतांवर अवलंबून असावे, ही गोष्ट कोणत्याही पतीला मान्य होण्यासारखी नाही. पत्नीला हयातभर त्या घरात राहण्याचा निर्वेध हक्क राहील, आणि तिच्यानंतर मुलांत वाटणी होईल, एवढे दोन वाक्यांत लिहून ठेवता येते. तेवढेही लिहिलेले नसते.

याच यादीत वडील नाहीत, हे तरुण डॉक्टरांनी विशेष लक्षात घ्यावे. पंचेचाळिशीतील सर्जन अकस्मात गेला तर त्याच्या आईला वाटा मिळतो, पण पहिल्या वर्गातील वारस हयात असताना वडिलांना काहीही मिळत नाही. आईवडिलांची जबाबदारी ज्याने आजवर आपल्या कमाईवर उचलली, त्याच्या पश्चात त्या वडिलांची औषधे कोण आणणार, हा प्रश्न कायदा सोडवीत नाही. स्त्रियांच्या बाबतीत तर नियम आणखी विपरीत आहे. अपत्यहीन विधवेने स्वतः कमावलेली संपत्ती, तिने इच्छापत्र केले नसल्यास, तिच्या माहेरच्या माणसांच्या आधी तिच्या पतीच्या वारसांकडे जाते. आयुष्यभर वैद्यकीय व्यवसाय करून जमवलेली पुंजी ज्या दिरापुतण्यांचे तोंड वर्षानुवर्षे पाहिले नाही त्यांच्याकडे जावी, आणि जवळ राहून सेवा करणाऱ्या भाचीने रिकाम्या हाताने घर सोडावे, असे आपल्या भगिनींपैकी कोणाला वाटेल काय? ज्या नगरीच्या अहिल्याबाईंनी विधवांच्या धनाला हात न लावण्याचे धोरण ठेवले, तेथील सुशिक्षित स्त्रियांनी तरी या बाबतीत गाफील राहू नये.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. कायदा नाते पाहतो, सेवा पाहत नाही. दरवर्षी दिवाळीला चार दिवस येणारा मुलगा आणि सहा वर्षे आईचे अंथरूण स्वच्छ करणारी मुलगी यांचा वाटा कायद्याच्या दृष्टीने समान असतो. ९ सप्टेंबर २००५ रोजी अमलात आलेल्या दुरुस्तीने मुलींना एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत जन्मतः हक्क दिला, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या ११ ऑगस्ट २०२० च्या निकालाने वडील त्या तारखेस हयात असण्याची अटही उरली नाही. हे योग्यच झाले. तरीही लग्नाच्या वेळी किंवा वडिलांच्या तेराव्यानंतर हक्कसोडपत्रावर सही केलेली मुलगीच पुढे आईला सांभाळते आहे, असे आपण अनेक घरांत पाहतो. सुनेची स्थिती याहून बिकट आहे. सासूसासऱ्यांचे पथ्यपाणी, औषधांच्या वेळा, रात्रीची जागरणे हे सारे जिच्या अंगावर पडते, ती सून नवरा हयात असेपर्यंत सासऱ्यांची वारसच नसते. आपल्यापैकी प्रत्येक डॉक्टरला घरोघरचे हे चित्र ठाऊक आहे, कारण रुग्णाला उचलून बसवणारे हात कोणाचे आहेत हे डॉक्टरला दिसते. न्यायालयाला ते दिसत नाहीत. सेवेची दखल घेण्याची सोय एकाच कागदावर आहे, आणि तो कागद वृद्ध माणसाने स्वतः, शुद्धीत असताना लिहायचा असतो.

येथे काहीजण म्हणतील, एवढे कशाला, हयातीतच सारे देऊन मोकळे व्हावे. या सल्ल्यापासून मी प्रत्येक वृद्ध रुग्णाला परावृत्त करीन. वि. वा. शिरवाडकरांचे 'नटसम्राट' १९७० साली रंगभूमीवर आले आणि आपल्याच व्यवसायातील एका माणसाने, कान-नाक-घसातज्ज्ञ असलेल्या डॉ. श्रीराम लागूंनी, गणपतराव बेलवलकर उभा केला. सारे काही मुलांना वाटून देऊन स्वतः रिते झालेल्या त्या म्हाताऱ्याला पाहून प्रेक्षक रडले, आणि घरी जाऊन पुन्हा बक्षीसपत्रे करीत राहिले. २००७ च्या मातापिता व ज्येष्ठ नागरिक निर्वाह व कल्याण कायद्याच्या कलम २३ मध्ये, सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, अट मोडल्यास परत मिळवण्याची तरतूद आहे. पण ती अट कागदावर असावी लागते, हा मुद्दा सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली अधोरेखित केला. पुढे २ जानेवारी २०२५ च्या निकालात न्यायालयाने या कायद्याचा उदार अर्थ लावून आपल्याच राज्यातील छतरपूरच्या एका आईला तिचे घर परत दिले. या निकालाचे स्वागत करताना एक गोष्ट विसरता कामा नये. एसडीएम, कलेक्टर, उच्च न्यायालयाचे एकल पीठ, मग खंडपीठ आणि शेवटी दिल्ली, अशा पाच पायऱ्या त्या माउलीला चढाव्या लागल्या. याच कायद्याखाली मिळू शकणारा निर्वाहखर्च कायद्यातच महिना कमाल १०,००० रुपये ठरलेला आहे. रात्रंदिवस माणूस ठेवावे लागणाऱ्या रुग्णाला तेवढ्यात काय होणार? झाकली मूठ सव्वा लाखाची, असे आपले पूर्वज म्हणत. म्हातारपणात ती मूठ आपल्याच हाताची असावी. इच्छापत्र शेवटच्या दिवसापर्यंत बदलता येते, बक्षीसपत्र सहजासहजी बदलता येत नाही, हा फरक ध्यानी घेतला म्हणजे पुरे.

वृद्धापकाळाचा दुसरा धोका मृत्यूच्या अगोदर येतो, आणि त्याविषयी वकिलांपेक्षा आपल्याला अधिक कळते. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार भारतातील साठीपुढील लोकसंख्येत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख इतके आढळले. या व्याधीत शरीर दहा वर्षे टिकते आणि सही करण्याची क्षमता मात्र पहिल्या काही वर्षांतच जाते. अनेक कुटुंबे मुखत्यारपत्रावर विसंबून असतात. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २०१ नुसार, मुखत्यारपत्र देणाऱ्याची बुद्धी भ्रष्ट झाली की ते मुखत्यारपत्रच संपुष्टात येते. ज्या दिवशी त्याची खरी गरज भासते त्याच दिवशी ते निरुपयोगी होते, हे ऐकून सुशिक्षित माणसेही चकित होतात. अशा वेळी मुलांना पालकत्वासाठी संविधानाच्या अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात दाद मागावी लागते. तेव्हा निदान पक्के होते त्याच दिवशी, औषधाच्या चिठ्ठीबरोबरच, घरच्यांना सांगायला हवे की पुढील काही महिन्यांत बँकेची खाती 'दोघांपैकी कोणीही अथवा मागे राहील तो' अशी करून घ्या, नामनिर्देशन तपासा आणि रुग्णाची समज शाबूत आहे तोवर त्याची इच्छा लिहून घ्या. नामनिर्देशनाबद्दलचा एक रूढ गैरसमजही येथेच दूर करावा. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक ठेवींवर चार नावे देता येतात, ही सोय चांगली आहे. परंतु ठेवी असोत वा शेअर्स, नामनिर्देशित व्यक्ती पैसे केवळ स्वीकारते. मालकी वारसांची किंवा इच्छापत्रात नाव असलेल्याची असते. शेअर्सच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने १४ डिसेंबर २०२३ रोजी हे निःसंदिग्ध केले आहे. "नॉमिनी आहे, मग वसीयत कशाला?" हा युक्तिवाद त्यामुळे टिकत नाही.

आता आपल्या व्यवसायबंधूंना थोडे परखडपणे सांगतो. इच्छापत्राशी डॉक्टरचा संबंध आज बहुधा अखेरच्या घटकेला येतो. रुग्ण अतिदक्षता विभागात आहे, सोडिअम खाली गेले आहे, वेदनाशामकाची गुंगी आहे, आणि एक नातेवाईक टंकलिखित कागद घेऊन येतो. अंगठा उमटवून झालेला असतो, केवळ "डॉक्टरसाहेब, पूर्ण शुद्धीत आहेत एवढे लिहून द्या" अशी विनंती असते. संबंध जपण्यासाठी सही केली जाते, आणि काही वर्षांनी न्यायालयात त्या सहीची उलटतपासणी होते. भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ च्या कलम ५९ प्रमाणे, आजारामुळे आपण काय करीत आहोत हे ज्याला समजत नाही, त्याला त्या अवस्थेत इच्छापत्र करता येत नाही. संशयास्पद परिस्थितीत झालेल्या इच्छापत्राबाबतचा संशय ते मांडणाऱ्यानेच दूर केला पाहिजे, हे तत्त्व तर सर्वोच्च न्यायालयाने १९५८ सालीच घालून दिले आहे. अशा वेळी रुग्णाला प्रत्यक्ष न तपासता प्रमाणपत्र देणे म्हणजे एका वारसाच्या बाजूने साक्ष देणे होय. नातेवाइकांना बाहेर थांबवावे, रुग्णाशी एकट्याने बोलावे, मालमत्ता कोणती, मुले किती, कोणाला काय द्यायचे आणि का, हे त्याच्याच तोंडून ऐकावे. त्याची उत्तरे, दिलेली औषधे, तारीख आणि वेळ स्वहस्ते नोंदवावी. हे शक्य नसेल तर नम्रपणे नकार द्यावा. या नकाराने एखादे कुटुंब दुरावले तरी चालेल.

त्याहून श्रेयस्कर मार्ग असा की, ती वेळ येऊच देऊ नये. साठी ओलांडलेल्या रुग्णाच्या वार्षिक तपासणीत आपण साखर, प्रोस्टेट, मोतीबिंदू, हाडांची घनता यांविषयी विचारतो. त्यातच एक प्रश्न वाढवावा : "काका, कागदपत्रे लावून ठेवलीत का?" हा प्रश्न मुलाने विचारला तर त्याला मालमत्तेचा लोभ सुटला असे वाटते. सुनेने विचारला तर महाभारत होते. वकिलाने विचारला तर त्याला पक्षकार हवा आहे असे वाटते. डॉक्टरने विचारला तर रुग्ण तो प्रकृतीचाच एक भाग समजतो. आपल्याला लाभलेला हा विश्वास दुसऱ्या कोणापाशी नाही. आणि त्यापुढचे काम अवघडही नाही. इच्छापत्र साध्या कागदावर चालते, त्याला मुद्रांक लागत नाही, नोंदणी ऐच्छिक आहे पण करून घेणे हिताचे. दोन साक्षीदारांनी सही करायची असते. ते लाभार्थींपैकी नसावेत आणि शक्यतो वयाने लहान असावेत, कारण पुढे न्यायालयात निदान एका हयात साक्षीदाराला उभे करावे लागते.

अखेरच्या उपचारांविषयीची इच्छाही याच बैठकीत विचारून घ्यावी. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्या प्रकरणात २०११ साली सुरू झालेली चर्चा ९ मार्च २०१८ च्या निकालाने पूर्णत्वास गेली आणि भारतीय नागरिकाला आपल्या अखेरच्या उपचारांबाबत आगाऊ लेखी सूचना देण्याचा हक्क मिळाला. सुरुवातीची प्रक्रिया इतकी किचकट होती की तिचा उपयोग करणे जवळजवळ अशक्य होते. २४ जानेवारी २०२३ रोजी ती सुलभ झाली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी यांच्यासमोर सही पुरेशी आहे. या सूचनेची एक प्रत कुटुंबाच्या डॉक्टरकडेही द्यायची असते. आपल्यापैकी किती जणांच्या कपाटात अशी एकतरी प्रत आहे? व्हेंटिलेटरवरील वडिलांपाशी तीन भावंडे तीन दिशांना तोंड करून उभी असतात आणि परदेशातील चौथे फोनवरून "सगळे करा" असे सांगत असते, तेव्हा वडिलांच्या हस्ताक्षरातील चार ओळी त्या मुलांना आयुष्यभराच्या अपराधभावनेतून सोडवू शकतात.

या साऱ्यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो, आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. सेवेचा असा हिशेब मांडला तर प्रेमाचा व्यवहार होईल, मुले घरावर डोळा ठेवून सेवा करतील, ज्याला कमी मिळेल तो दुखावेल. या आक्षेपात तथ्य आहे. म्हणूनच माझे म्हणणे असे की, कागद गुप्त ठेवू नये. सर्व मुलांना एकत्र बसवून, शक्य नसल्यास दूरध्वनीवर घेऊन, आईवडिलांनी आपला विचार कारणांसहित सांगावा. असमान वाटणी करायचीच असेल तर तिचे कारण मुलांनी आईच्या तोंडून ऐकलेले बरे. तेच कारण नंतर वकिलाच्या नोटिशीत वाचावे लागले तर भावंडांचे बोलणे कायमचे बंद होते. सेवेचा मोबदला नेहमी घराच्या रूपानेच द्यावा असेही नाही. सांभाळणाऱ्या मुलीच्या खात्यावर दरमहा घरखर्च जमा करणे, रात्रीच्या आयाबाईचा पगार दूरच्या मुलाने उचलणे, वर्षातून महिनाभर आईला आपल्याकडे नेऊन बहिणीला उसंत देणे, हेही वाटणीचेच प्रकार आहेत. २०२४ पासून सत्तरीपुढील सर्वांना आयुष्मान योजनेत ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळते, पण ते रुग्णालयात दाखल झाल्यावर. घरच्या खाटेवर काढायच्या वर्षांची तरतूद घरातच करावी लागते.

आणि शेवटी आपले स्वतःचे घर. दुसऱ्यांना पथ्य सांगणारे डॉक्टर स्वतः इच्छापत्र करीत नाहीत, हे उघड गुपित आहे. नर्सिंग होमची इमारत एकाच्या नावावर, जमीन दुसऱ्याच्या, कर्ज तिसऱ्याच बँकेचे, भागीदारीचा करार तोंडी. डॉक्टर अचानक गेला तर पत्नीला सीएमएचओ कार्यालयातील नोंदणीपासून सुरुवात करावी लागते. सोनोग्राफीचे यंत्र तिला कोणाही ग्राहकाला विकता येत नाही, कारण प्रसवपूर्व निदान कायद्याखाली ते नोंदणीकृत केंद्रालाच द्यावे लागते. रुग्णांच्या नोंदी, कर्मचाऱ्यांची देणी, व्यवसायविम्याची कागदपत्रे कोठे आहेत, हे तिला कोणी सांगितलेले नसते. एका वहीत या सर्व गोष्टींची यादी करून ती पत्नीला किंवा पतीला दाखवून ठेवणे हे एका रविवारचे काम आहे.

आपली संस्था दरवर्षी रक्तदान आणि नेत्रतपासणीची शिबिरे भरवते. त्यांच्या जोडीला वर्षातून एक संध्याकाळ इच्छापत्रासाठी ठेवावी, अशी माझी सूचना आहे. दोन वकील, एक नोटरी, एक बँक अधिकारी आणि वृद्धांच्या आजारांचा जाणकार एक डॉक्टर एवढी मंडळी त्यासाठी पुरेत. ज्येष्ठांनी मुलांना घेऊन यावे, मुलांना येता आले नाही तर शेजाऱ्यांना घेऊन यावे. मात्र पहिल्या संध्याकाळी पहिल्या रांगेत आपण डॉक्टरांनी, आपापल्या जोडीदारासह, स्वतःच्या कागदांसाठी बसावे. रुग्ण आपले सांगणे ऐकतात त्याहून अधिक आपले वागणे पाहतात, हा अनुभव तंबाखूच्या आणि व्यायामाच्या बाबतीत आपण सर्वांनीच घेतलेला आहे.